एकवीस दिवसांची बाटली

मुंजाजीच्या रक्ताची बाटली पाच दिवस झाले तरी स्वच्छच दिसत होती. डॉ. शिवकन्याने वहीत ‘वाढ नाही’ असं लिहिलं आणि बाटली टाकायच्या ट्रेमध्ये ठेवली. अंबाजोगाईच्या त्या छोट्या लॅबमध्ये जंतुतज्ज्ञ म्हणून लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. पाच दिवस उबेच्या कपाटात ठेवायचं, जंतू वाढले नाहीत तर बाटली वाफेच्या कुकरमध्ये घालायची, असा तिथला नियम.

मुंजाजी घाटनांदूरकडचा, शेळ्यामेंढ्यांमागे फिरणारा. तीन महिने ताप. दिवसा बरा, संध्याकाळी सदरा पिळून काढावा इतका घाम. टायफॉइडची औषधं झाली, देवाचं झालं. कंबर अशी धरली होती की उठवायला दोघं लागत. त्याची बायको मनकर्णा रोज लॅबच्या दाराशी येऊन एवढंच विचारायची, “ताई, सापडलं का?”

“मावशी, ही टाकून द्या,” शिवकन्या म्हणाली.

काचेची भांडी धुणाऱ्या बायनाबाईने बाटली उजेडाकडे धरली. “कावून टाकायची?”

“पाच दिवसांत काही उगवलं नाही.”

“माझी खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसती. पाचव्या दिशी अंडी फेकली तर पिल्लं कुठून यावीत?”

“मावशी, ही कोंबडी नाही.”

“न्हाई ना. पर त्याच्या चार शेळ्या गाभडल्या, ते हाय का तुमच्या वहीत? माझ्या माहेरचा हाय त्यो. मेलेली करडं, वार, समदं ह्यानंच उघड्या हातानं वढलं. आन् दूध पितो कच्चं.”

“तुम्ही बाटल्या धुवा,” शिवकन्या म्हणाली. तिला स्वतःलाच ते लागलं, पण बोलून गेली.

घरी भाकरी थापताना ‘गाभडल्या’ हा शब्द डोक्यातून जाईना. जनावरांचा गाभ पाडणारा, त्यांच्याकडून माणसाला होणारा ताप; जंतू सावकाश वाढतो, तीन आठवडे वाट पाहावी. परीक्षेत तिने हे लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. तव्यावरची भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, धूर दिसतोय का?”

सकाळी ती पळतच लॅबमध्ये गेली. ट्रे रिकामा होता. तिने उबेचं कपाट उघडलं, तर मागच्या रांगेत, कोपऱ्यात बाटली उभी.

“काल कुकर भरला व्हता,” बायनाबाई फरशी पुसत, मान वर न करता म्हणाली. कुकर अर्धा रिकामा होता, हे दोघींना माहीत होतं.

सोळाव्या दिवशी बाटली गढूळली. हातमोजे, मास्क घालून शिवकन्याने बंद पेटीत पुढची तपासणी केली. जंतू तोच निघाला. दाराशी मनकर्णा उभीच होती. “सापडलं,” शिवकन्या म्हणाली, आणि मनकर्णा तिथेच पायरीवर बसली. सहा आठवड्यांच्या गोळ्यांनी मुंजाजी उठला.

तिथून शिवकन्याचं संशोधन सुरू झालं. अकरा वर्षं ती घाटनांदूर ते सिरसाळा वाड्यावस्त्यांवर फिरली, शेळ्यांचं आणि शेळ्यावाल्यांचं रक्त गोळा करत. सोबत बायनाबाई, कारण बायका बोलायच्या ते तिच्याशी. चार निबंध छापून आले, चारही निबंधांच्या शेवटी आभारात पहिलं नाव बायनाबाईचं. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी फोन करून विचारलं, “या बायनाबाई कोणत्या विद्यापीठाच्या?”

“आमच्याच लॅबच्या, सर. मला शिकवलं त्यांनी.”

मागच्या महिन्यात मुंजाजी आपल्या पायांनी लॅबमध्ये आला, हातात बरणी. “ताई, आत्ताच धार काढली. अशीच प्या, गरम हाय.”

“मेल्या, अकरा वर्सं घसा कोरडा केला ताईनं!” बायनाबाईने बरणी हिसकावली.

“मी कच्चं न्हाई पीत आता. पर मानाच्या माणसाला तापवून द्यावं का? अपमान वाटतो.”

शिवकन्याने दूध चहाच्या खोलीत गॅसवर ठेवलं आणि उतू जाईपर्यंत उभी राहिली. मग पहिला कप भरून तिने दोन्ही हातांनी बायनाबाईपुढे धरला.

“आधी तुमी घ्या,” बायनाबाई म्हणाली.

“नाही, मावशी. आधी तुम्ही.”