आईंच्या गाडीचा डावा दिवा

गाडीत बसण्याआधी आमच्या सासूबाई गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारत. चाकांकडे वाकून बघत, काचेवरून हात फिरवत, मग दिवे लावून समोरच्या भिंतीवर उजेड बघत. लग्न होऊन मी सांगलीहून वरूडला आले तेव्हा मला वाटलं, ही प्रदक्षिणाच आहे. मी हात जोडून बाजूला उभी राहिले. आई हसल्या. "पाया नाही पडून राहिली व मी," म्हणाल्या, "पाहून राहिली." आई आता नाहीत, पण त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी गाडीपासूनच सुरुवात करते.

पन्नाशी ओलांडल्यावर त्या गाडी शिकल्या. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अमरावतीला जावं लागे. आम्ही नवरा-बायको नोकरीमुळे अकोल्याला. ठरवलेला ड्रायव्हर एकदा आलाच नाही. तो दिवस चुकला आणि बाबांना अशी धाप लागली की दोन शब्द बोलता येईनात. पुढच्याच आठवड्यात आईंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा त्यांच्या मुलाहून लहान. तो म्हणाला, "काकू, या वयात कावून तरास घेता?" आई म्हणाल्या, "तू गेअर सांग. वय मले मालूम हाय."

त्यांचं बोलणं असंच, तुकडा पाडल्यासारखं. सुरुवातीला मला ते लागायचं. पुढे कळलं, त्यांना कामाची घाई असते, माणसाचा राग नसतो.

एकदा संक्रांतीच्या सुमारास मी वरूडला होते. डायलिसिसचा दिवस होता. पहाटे निघायचं, तर बाहेर समोरचं घर दिसू नये इतकं धुकं. बाबांना शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं. आईंनी दिवे लावले आणि भिंतीवर उजेडाचा एकच गोळा पडला. डावा दिवा गेला होता.

"एका दिव्यावर जाता नाही येणार?" मी विचारलं.

"एक दिवा असला का समोरच्याले मोटारसायकल वाटते. आन् समोरून संत्र्याचे ट्रक येते."

"मग गॅरेज उघडेपर्यंत थांबू."

"तोवर त्याईचा नंबर गेला." एवढं बोलून त्यांनी गाडीच्या कप्प्यातून नवा बल्ब काढला.

"आई, बदललाय कधी?"

"मिस्त्री बदलून राहिला होता तवा पाहिलं. पन त्याचा पंजाच मधात होता."

दिवे बंद करून त्यांनी बॉनेट उघडलं. मी मोबाइलचा उजेड धरला. दिव्याची मागची बाजू आणि बॅटरी यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी फट. आईंचा हात आत गेला आणि मनगटाशी अडकला. त्यांनी आडवा घालून पाहिला, तिरका घालून पाहिला. मग मागे सरकल्या आणि हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला लागल्या.

बाबा इतके आजारी, आणि सवाष्ण बाई मनगट रिकामं करते आहे. "आई, बांगड्या नको ना," मी म्हटलं.

"त्याईच्याचसाठी काढून राहिली."

बांगड्या जुन्या, हात भरलेला. अंगठ्याशी कातडं सोलवटलं. त्यांनी मागचं दार उघडलं, बांगड्या बाबांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "धरा जरा." बाबांनी बायकोच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

आता हात आत गेला. डोळ्यांना काही दिसत नव्हतंच. आई चाचपडत होत्या. रबरी टोपी निघाली, वायरचा प्लग सुटला, बल्ब धरून ठेवणारी तार बाजूला झाली. जुन्या बल्बची काच काळी पडली होती. नवा त्यांनी खालच्या धातूला धरून उचलला. "काचेले बोट नाही लावाचं, नाही तं बल्ब लवकर उडते." बल्ब बसवला, दिवे लावले. लागला! पण डावा झोत थेट शेजारच्यांच्या गच्चीवर.

"लागला ना आई, चला."

"आपल्याले माडी नाही पाहाची, रस्ता पाहाचा हाय." त्यांनी पुन्हा हात घातला. बल्ब काढून फिरवला, खाच जुळवली, तार दाबली. या वेळी भिंतीवर दोन गोळे पडले, अगदी एका रेषेत. गाडीतून बाबा क्षीण आवाजात, पण शर्यत जिंकल्यासारखे ओरडले, "लागला व!"

मोर्शी मागे पडेपर्यंत धुकं होतं. आई पुढे झुकून गाडी चालवत होत्या. आम्ही वेळेत पोचलो. खाटेवर पडल्यावर सुई टोचायच्या आधी बाबांनी सिस्टरला थांबवलं. मूठ उघडली आणि एक एक बांगडी आईंच्या हातात चढवली. सोललेल्या जागी झोंबत असणार. आईंनी हात हलवला नाही. शेजारच्या खाटेवर मोर्शीचे सलीमभाई असत, बसने येणारे. त्यांनी हळूच तोंड दुसरीकडे वळवलं.

त्यानंतर बाबा काही वर्षं जगले. त्यांची तेरवी झाली तेव्हा पाहुण्यांत एकच विषय, आता गाडी कशाला ठेवायची, एकट्या बाईला तिचा काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात आवाज झाला म्हणून मी बाहेर आले. आई गाडीपाशी उभ्या होत्या, हातात किल्ली.

"आई, कुठे निघालात?"

"मोर्शीले. सलीमभाई बसमंदी उभे राहून जाते बिचारे. आता गाडीत जागा खाली हाय."

मी पुढे होऊन फाटक उघडलं.

चहाच्या वेळी आत्येसासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सासू कुठं गेली व तुयी?"

"गाडी घेऊन अमरावतीला गेल्यात," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला, आणि तो मी निघू दिला.