फेट्यात गेलेला तास

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे. हे मी कुठंही छाती काढून सांगते.

मी चिप डिझाइनमध्ये आहे. चिप कारखान्यात बनायला जाण्याआधी तिचा आराखडा संगणकावर तपासायचा, चुका हुडकायच्या, हे माझं काम. आमच्या उचगावात कुणी विचारलं की आई सांगते, "मोबाईलचं कायतरी करती." मग शेजारीण बंद पडलेला फोन घेऊन दारात. तिचा राग येत नाही. राग येतो तो इंजिनिअरिंगच्या पोरांचा, आणि त्याहून जास्त त्यांच्या कॉलेजांचा.

मागच्या वर्षी पुण्याहून घरी आले होते, तेव्हा कसबा बावड्याची एक मुलगी भेटायला आली. इलेक्ट्रॉनिक्सचं तिसरं वर्ष.

"ताई, आमचा चिप डिझाइनचा ऐच्छिक विषय रद्द होणार. पाच जण कमी पडत्यात. सगळी डेटा सायन्सकडं पळाल्यात. उद्या संध्याकाळपर्यंतच नावं द्यायची हायत. तुम्ही येऊन सांगा की."

विभागप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी चार ते पाच वेळ दिली. पाचला कॉलेजच्या दोन्ही बस सुटतात. म्हटलं, तास पुष्कळ झाला.

पण आपल्याकडं पाहुण्याला मोकळ्या डोक्यानं बोलू देतात होय? फेटा बांधायला खास माणूस बोलावलेला. तुरा ताठ राहीना म्हणून त्यानं सोडून पुन्हा बांधला. मग शाल, नारळ, प्रास्ताविक. "कोल्हापूरची कन्या" हे शब्द तर किती वेळा आले, देव जाणे. माइक माझ्या हातात आला तेव्हा पोरांच्या सॅक पाठीवर चढल्या होत्या. दोन वाक्यं बोलले आणि बसचा हॉर्न वाजला. हॉल रिकामा.

मी विभागप्रमुखांना म्हटलं, "सर, बस जरा थांबवा की."

"ड्रायव्हर ऐकत नाही हो. पण कार्यक्रम झकास झाला!"

मी तशीच फेट्यानिशी धावत जाऊन बावड्याच्या बसमध्ये चढले. मागून आवाज आला, "मॅडम, वरात कुठं निघाली?"

"वरात न्हाय, तुमच्या डिग्रीची अंत्ययात्रा निघालीय. तीन वर्षं ट्रान्झिस्टर शिकलात आणि आता त्यालाच पोचवायला निघालाय."

बस हसली. मग मी विचारलं, कुणाच्या घरचं माणूस फौंड्रीत आहे? बरेच हात वर.

"साच्यात खोट राहिली आणि लोखंड ओतलं, तर?"

"भंगार!"

"चिपचंही तेच. सॉफ्टवेअरमधली चूक उद्या सुधारता येते. चिप एकदा बनली की चूक तिच्यातच गोठली. म्हणून आधी महिनोन्महिने तपासणारी डोकी लागतात. ती तुमच्यातनं न्हाय यायची तर कुठनं?"

"नोकरी मिळती का पण, मॅडम?"

"सुरुवातीला दम निघतो. मुलाखती कडक. खोटं कशाला सांगू? पण एकदा हात बसला की ही विद्या सहजी शिळी होत नाही. आणि तिचा पाया तुम्ही आधीच शिकलाय. तो सोडून दुसऱ्याच्या रांगेत शेवटी उभं राहायचं, ह्याला काय अर्थ?"

बावडा येईपर्यंत तिघांनी मोबाईलवरच नावं भरली. दोघं कमी पडली. बाकीची पोरं दुसऱ्या बसनं कधीच गेली होती. फेट्यात गेलेल्या वेळात त्यांच्यातली दोन मिळाली नसती का?

विषय रद्द झाला. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी माझा फोटो पाठवला. तुरा एकदम ताठ.

पाठोपाठ त्या मुलीचा फोन. मागं ते तिघं कुजबुजत होते, "विचार की, विचार की."

"ताई, आता आम्ही काय करायचं?"

"रविवारी सकाळी चौघं व्हिडिओ कॉलवर बसा. मी शिकवते."

तेव्हापासून रविवारी शिकवतेय. पोरं चिवट आहेत. पण ह्याला मी उत्तर म्हणणार नाही. जे कॉलेजनं वर्गात शिकवायचं, ते चार पोरं सुट्टीच्या दिवशी फोनवर शिकतात, आणि कॉलेजच्या भिंतीवर माझा फेट्यातला फोटो लागलाय.