लू वैद्यांच्या पुडीत काय होतं

त्या सकाळी च्यालियांगनं पेजेचा वाडगा दूर सारला आणि बायकोला विचारलं, "शूफन, आज पेजेत काय कालवलंस? पिवळी का दिसतेय?"

थान शूफननं वाकून पाहिलं. पेज नेहमीसारखीच पांढरी होती.

"भिंतही पिवळी आहे. आणि तूसुद्धा," असं म्हणून तो भडाभडा ओकला.

च्यालियांगची एकवीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेली होती. आधी फुप्फुसं गेली, मग त्यांचा भार वाहून वाहून हृदय थकलं. पाय सुजायचे, ओठ निळे पडायचे, चार पायऱ्या चढला की भिंत धरायचा. सिचुआनच्या त्या डोंगराळ तालुक्यात असे दमेकरी घरोघरी होते आणि त्या सगळ्यांची वाट लू वैद्यांच्या दवाखान्याकडे जायची.

शूफन तिथं काढे उकळायची. बचनागाची विषारी मुळी आधी तासभर एकटीच उकळायची, मग तीत सुंठ, ज्येष्ठमध आणि बाकीच्या मुळ्या टाकायच्या. बचनागाचा थेंब ती स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायची. जीभ बधिर झाली तर भांडं पुन्हा चुलीवर. बावीस वर्षांत तिच्या हातच्या काढ्यानं कुणाला उलटीसुद्धा झाली नव्हती. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

सहा वर्षांपूर्वी लू वैद्यांनी काढ्याच्या जोडीला एक पूड बसवली. त्यांची मुलगी युनशिया ती आतल्या खोलीत कुटायची आणि शूफन कागदात घालून पुड्या बांधायची. गुण असा यायचा की बघत राहावं. पाठीवर घालून आणलेली माणसं पंधरवड्यानं चालत यायची. च्यालियांगही पुन्हा बाजारात जाऊन पत्ते कुटायला लागला होता.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं आणि शूफनला बाजूला घेतलं.

"मावशी, तीन महिन्यांपूर्वी मी हृदयाची गोळी दिली होती. रोज किती देता?"

"एकच. माझ्या हातानं देते."

"रक्तात दुपटीहून जास्त आहे. पिवळं दिसतं ते त्यामुळंच. आणखी काय घेतात?"

"काही नाही. लू वैद्यांची पुडी तेवढी. त्यात नुसत्या मुळ्या आहेत."

बाई म्हणाल्या, "एक पुडी आणून द्या मला."

शूफनला राग आला. इस्पितळवाल्यांना मुळ्यांचं वावडंच असतं, असं पुटपुटत तिनं पुडी आणून दिली. वैद्यांचं नाव आता धुऊन निघेल याची तिला खात्री होती.

तिसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. पुडीत मुळ्या होत्याच. शिवाय तीच हृदयाची गोळी होती, स्टेरॉइड होतं आणि श्वासनळ्या मोकळ्या करणारं आणखी एक औषध होतं. सगळं कुटून मिसळलेलं.

शूफन बाकावर बसली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. कागदाची घडी घालणारे हात हेच. किती पुड्या बांधल्या असतील? कुणाकुणाच्या घरी गेल्या असतील?

तिथून ती तडक दवाखान्यात गेली. युनशिया आतल्या खोलीत खलबत्ता पुसत होती. शूफननं कागद तिच्यापुढं धरला.

"हे खोटं आहे म्हण. एवढंच म्हण, मी निघून जाते."

युनशियानं कागद वाचला. उठून कपाटाचा खालचा कप्पा उघडला. आत गोळ्यांचे डबे रांगेनं लावलेले होते.

"अगं बये! माझ्या नवऱ्याची तू रोज हात धरून नाडी बघत होतीस!"

"वहिनी, बाबा सकाळपासून दुपारपर्यंत एकटे बसायचे गं," युनशिया म्हणाली. "माणसं इस्पितळात जायला लागली होती. ते दाराकडे बघत बसायचे. मला नाही बघवलं. आधी थोडंसंच घातलं होतं..."

"काय घातलं होतंस?"

आवाज मागून आला. लू वैद्य दारात उभे होते, एक्याऐंशी वर्षांचे, हातात चहाचा पेला. मुलीनं मान खाली घातली. शूफननं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा वर सारून वाचला, मग डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचला. पेला कलंडून चहा अंगरख्यावर सांडला, तरी त्यांना कळलं नाही.

"म्हणजे सहा वर्षं," ते म्हणाले, "जे बरे झाले... ते माझ्यानं नाहीत?"



आरोग्य कचेरीला त्यांनी स्वतः फोन केला. मुलीचं नाव त्यांनीच सांगितलं. दवाखान्याला सील लागलं. पुढं युनशियाला दोन वर्षांची शिक्षा झाली.

पण डॉक्टरीणबाईंनी एक बजावलं होतं: अंगवळणी पडलेलं स्टेरॉइड एकदम बंद पडलं तर पुडी घेणारी माणसं दगावतील, सगळ्यांना इस्पितळात आणा. नाव-पत्ते वैद्यांच्या वह्यांत होते. पूड बसवल्यापासून प्रत्येक रोग्याचा दम, सूज, नाडी त्यांनी लिहून ठेवली होती. त्याचं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. त्याच वह्या हातात घेऊन म्हातारा दारोदार निघाला. शूफन बरोबर गेली.

शिव्या मिळतील याची दोघांनी तयारी ठेवली होती. मिळाल्याही. एकानं अंगावर झाडू फेकला. पण भाताच्या घासात खडा लागावा तसं दातांत कचकन बोचलं ते दुसरंच. डोंगरावरच्या छ्यू आजीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुड्या उशीखाली ढकलल्या.

"आजी, त्यात विष आहे," शूफन म्हणाली.

"असू दे. या पुडीनं मी आडवी झोपते. त्याआधी आठ वर्षं बसून झोपले होते. तुम्ही विषच विकत असाल तर मला आणखी थोडं द्या."

लू वैद्य उंबऱ्यावरच बसले. शूफननंच शेवटी आजीला चादरीत गुंडाळलं, पाठीवर घेतलं आणि उतार उतरायला लागली. आजी सगळ्या वाटेनं तिच्या पाठीवर बुक्क्या मारत होती.

एकशे बारा माणसं इस्पितळात पोचली. नऊ जणांपर्यंत पोचायला उशीर झाला होता. च्यालियांग वाचला, महिन्याभरानं त्याला पेज पांढरी दिसायला लागली. छ्यू आजीला घरी प्राणवायूचं यंत्र मिळालं आणि ती त्याच्या आवाजावरून रोज भांडायला लागली.

शूफनला इस्पितळातल्या काढ्यांच्या खोलीत काम देऊ केलं होतं. तिनं वर्षभर होकार दिला नाही. कुणी पुडी बांधायला कागद पुढं केला, तरी ती हात मागं घ्यायची.