बिजागरीतली पट्टी

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर हसताना ठसका लागेल आणि पुन्हा माझ्याच नावानं बोंब!

मी चाकणला एका कंपनीत टूलरूममध्ये, साचे-सुटे भाग घडवायच्या खात्यात. सुट्टीच्या दिवशी माझे हात नुसते शिवशिवतात. पंख्याला तेल घाल, नळाचं वायसर बदल, दाराची कडी घास. आमची रेखा म्हणते, "अहो, जरा टेका की कुठंतरी!" पण बूड टेकतं कुणाचं?

तर रेखाकडे एक गेम आहे. डब्यासारखा उघडणारा, वर स्क्रीन, खाली बटणं. सेकंडहँड घेतलेला. त्यात तिनं एक शेत केलंय, चार वर्षांपासून. थेरगावहून कंपनीच्या बसनं जाताना-येताना रोज तेवढीच तिची चैन. आणि नेमकी त्याचीच बिजागरी तुटली! स्क्रीन मान टाकायची. बिचारी अंगठ्यानं टेकू देऊन शेत नांगरायची.

"डांगे चौकात दुकान आहे, तिथं टाकते," ती म्हणाली.

मला हे लागलं हो! टूलरूमवाल्याच्या घरची बिजागरी दुकानात?

"आण इकडं," मी म्हटलं. "पण माझं शेत जाऊ देऊ नका हं," असं तिनं चारदा बजावलं. मी म्हटलं, बिजागरीचा आणि शेताचा काय संबंध?

उघडला. बघतो तर काय, बिजागरी आतून पोकळ! आणि त्या पोकळीत कुणीतरी पातळ, तपकिरी पट्टी गुंडाळून कोंबलेली. माझं डोकंच सटकलं. आमच्याकडं भोक ढिलं झालं की कामचुकार ऑपरेटर अस्साच पत्र्याचा तुकडा कोंबतो. आधीच्या मालकाचा जुगाड, दुसरं काय! ब्लेड घेतलं, पट्टी कापली, ओढून फेकून दिली.

मग निघोज्याला मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लेथवर भरीव स्टीलची पिन काढली. वर बोल्ट पक्का करायचं ते लॉकिंगचं औषध. ठोकली! उघड-मीट, उघड-मीट, संध्याकाळपर्यंत माझं तेच चाललेलं. काय ती बिजागरी! तिजोरीला लावा.

चालू करून बघितला का म्हणता? अहो, बिजागरी दुरुस्त केल्यावर माणूस बिजागरीच बघणार ना!

रेखानं बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काय केलंत?"

"बॅटरी गेली असेल," मी म्हटलं.

गेलो डांगे चौकात. दुकानदारानं भिंग लावलं आणि विचारलं, "ह्यातली रिबन कुठं हाय ओ?"

"कसली रिबन?"

"स्क्रीनची वायर. पट्टीवानी असती. बिजागरीच्या आतनं जाती म्हणून तर ती पोकळ ठेवत्यात!"

मी छताकडं बघायला लागलो. रेखा माझ्याकडं.

"कुणी कापली राव? काप बाकी झकास मारलाय. एकदम सरळ!"

"आमच्या ह्यांनी," रेखा म्हणाली. "टूलरूमला आहेत."

"आणि माझं शेत?" तिचा आवाज एवढासा झाला. खरं सांगतो, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेत बोर्डात हाय, ताई. त्याला काय झालं न्हाई. रिबन नवी टाकू. पन ही पिन? निघंना की! आता बॉडीच दुसरी मागवावी लागंल. आली की सांगतो, तवर घेऊन जावा घरी."

आता तीन आठवडे झाले. मी रोज दुकानात फोन करतो. माणूस फोन उचलायचा बंद झालाय.

परवा सकाळी रेखा तो गेम उघडून बसलेली. एकदम ओरडली, "अहो, या लवकर! स्क्रीनवर दिसायला लागलं!"

मी तोंडात ब्रश तसाच घेऊन धावलो. तिच्या खांद्यावरून त्या काळ्याकुट्ट काचेत वाकून बघितलं. "काय? काय दिसतंय?"

"गाढव."