हिल्क्काचा गुरुवार

हिल्क्का तुओमाला आमच्या इमारतीत राहायला आली तेव्हा पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीत होती. कुठली गाडी हेलसिंकीच्या कुठल्या गल्लीतून नेली की चार मिनिटं वाचतात, हे दिवसभर शोधायचं. जिन्यात भेटली तर "येते हं" म्हणेपर्यंत खालच्या मजल्यावर पोचलेली असायची. माझं तोंड फटकळ. एकदा विचारलंच, "एवढी वाचवलेली मिनिटं ठेवतेस तरी कुठे गं?" ती तोवर खालच्या दारातून बाहेर. दोन वर्षांनी मात्र नोकरी सोडून तिने कपडे दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम धरलं, तेही आठवड्यातून चारच दिवस.

पाचवा दिवस गुरुवार. सकाळी चादरी हाताने धुवायच्या, माळ्यावरच्या दोरीवर वाळत टाकायच्या, थोड्या दमट असतानाच उतरवायच्या आणि सहा वाजता तळघरातल्या मँकेलीवर न्यायच्या. मँकेली म्हणजे चादरी दाबायचं जुनं यंत्र: लाकडी रुळांवर दगड भरलेली पेटी गडगडत पुढेमागे फिरते. बाई एकटी, म्हणून चादरीचं एक टोक दाराच्या मुठीला बांधून ताणायची. चार चादरींना एक तास. मी चाळीस वर्षं ट्राम चालवली, मिनिटामिनिटाचा हिशेब देत. तिचं ते सावकाश चाललेलं पाहून मला कधी हेवा वाटायचा, कधी चक्क राग यायचा.

"इस्त्री दहा मिनिटांत होते," मी म्हणायची.

"मला दहा मिनिटांत व्हायला नकोय, केर्तू. तो धंदा करून झाला माझा. झोप उडाली होती माझी त्यात."

गेल्या वसंतात इमारतीच्या मंडळाचा अध्यक्ष झाला तेमू. पोरगा वाईट नाही, पण जिना चढतानाही फोनवर. त्याने नोटीस लावली: मँकेली काढून त्या खोलीत पार्सलांची कपाटं बसवायची. मतदान गुरुवारी सहाला, त्याच खोलीत, म्हणजे जागा सगळ्यांना बघता येईल.

आम्ही सोळा घरांतली माणसं खुर्च्या घेऊन भिंतीला चिकटून बसलो. दोन माणसांत एक खुर्ची रिकामी, आमच्याकडे बसतात तशी. तेमूने मँकेलीसाठी नाव लिहून तास राखायची दारावरची यादी काढून दाखवली. "हे बघा. वर्षभराची पानं कोरी. मँकेली एकदाही कुणी वापरलेली नाही."

तेवढ्यात हिल्क्का टोपली घेऊन आत आली. सगळ्यांना मान हलवून नमस्कार केला, चादर रुळाला गुंडाळली आणि बटण दाबलं. खोली हादरायला लागली.

"हिल्क्का! सभा चाललीये!" तेमू ओरडला.

"चालू दे की. माझा तास आहे."

"यादीत तुझं नाव कुठंय?"

"गुरुवार माझा आहे हे कुणाला ठाऊक नाही इथे?"

"नाव नाही म्हणजे तास नाही."

तिने यंत्र बंद केलं, ते फक्त आवाज ऐकू जावा म्हणून. "आउनेआजी, मंगळवार सकाळ कुणाची?"

आउनेआजी नव्वदीच्या. "माझी. चौतीस वर्षं."

"नाव लिहिता?"

"इश्श! मी काय काल आलेय?"

तेमूचा चेहरा उतरला. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या इमारतीत नाव लिहितात ते नवे लोक. जुन्याने नाव लिहिणं म्हणजे शेजाऱ्यावर विश्वास नाही असं सांगणं. मग मीही बोलले, "सणासुदीच्या चादरींपुरती का होईना, सोमवार दुपार माझी." मला लाजच वाटली, कारण पार्सलांची कपाटं बरी पडतील असं म्हणत मी घरून निघाले होते. माझ्यामागून आणखी दोघं तोंड उघडून बोलले. आमच्याकडे हा दंगाच म्हणायचा.

"ठीक आहे," तेमू घड्याळ बघत म्हणाला, "पण पार्सलं सगळ्यांनाच येतात. मला सातला दुसरी मीटिंग आहे. काढायच्या बाजूने हात वर करा."

आठ हात.

"विरोधात?"

आठ. माझा धरून. सगळे हिल्क्काकडे वळले. तिने हात वर केला नव्हता. तिने ती चादर रुळावरून सोडवली, एक टोक दाराच्या मुठीला बांधलं आणि ताणायला लागली.

"हिल्क्का, तुझं मत?"

"माझे दोन्ही हात गुंतलेत."

"अगं, एका सेकंदाचं तर काम आहे!"

"तेमू, तुझ्या पार्सलांची गाडी आठ वर्षं मीच पळवत होते. सेकंद म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. चादर संपली की मत देईन."

"चादरीची घडी मतदानानंतर घाल ना!"

"नाही घालणार."

त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही कुणी हललो नाही. त्याचा फोन वाजायला लागला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. हिल्क्काने मुठीची गाठ सोडली. चादरीच्या कडा जुळवल्या, एक कड जरा पुढे गेली होती म्हणून उलगडून पुन्हा जुळवल्या. पहिली घडी, दुसरी, तिसरी. चौथी घडी तिने तळहाताने दाबून बसवली, चादर टोपलीत ठेवली, आणि मग विरोधातला नववा हात वर केला.