ताईची ओळख करून देताना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, मैत्रिणींना नाही. नवऱ्याला सांगायचा प्रश्न नव्हता, तो त्याआधीच गेला होता. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही ऐकाल आणि मध्ये बोलणार नाही.

सांगताना मी रडणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. तो माझा स्वभाव नाही. बनारसच्या एका मुलींच्या कॉलेजात मी उभा जन्म इतिहास शिकवला. वर्गात हिंदी, घरात मराठी, आणि दोन्हीकडे आवाज खणखणीत. आमच्या ब्रह्माघाटाच्या गल्लीत अजूनही कुणाचं भांडण पेटलं की म्हणतात, वसुधा दीदींना बोलवा. मी घाबरट बाई नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही – पुढचं ऐकलंत की कळेल का सांगितलं ते.

ताई माझी थोरली बहीण. सुमन तिचं नाव. पणजोबा वेद शिकायला काशीला आले आणि इथलेच झाले, त्या घरातल्या आम्ही दोघी. ताईला शाळेत असतानाच कोड उठलं. आधी ओठाच्या कडेला, मग बोटांवर, मग हळूहळू हात, मान. आमच्या वडिलांनी वैद्य केले, डॉक्टर केले, शेवटी नाद सोडला. स्थळं येत, ताईला बघत आणि चहा अर्धा टाकून उठत. काही वर्षांनी ती येणंही थांबलं. माझं लग्न झालं. नवरा रेल्वेत होता, त्याची बदली इथेच झाली आणि आम्ही माहेरच्याच घरात राहिलो. मृणाल झाली तेव्हा मी नुकतीच नोकरीत कायम झाले होते.

मृणालला वाढवलं ताईने. यात काही कमीजास्त करून सांगण्यासारखं नाही. वेण्या, डबे, गोवर, पाढे – सगळं ताई. मृणाल तिच्या हातावरच्या पांढऱ्या डागांना नावं द्यायची, हा श्रीलंका, हा आफ्रिका, आणि ताई हात पुढे करून शांत बसायची. मी संध्याकाळी घरी यायची, तेव्हा पोरगी जेवून, न्हाऊन, गोष्ट ऐकत असायची. मी तिची आई होते, शंका नाही. पण ताप चढला की ती हाक कुणाला मारायची?

एकदा शेजारणीने ताईच्या हातून प्रसादाचं ताट घेतलं नाही. मी भर गल्लीत त्या बाईला असं सुनावलं, की तिच्या नवऱ्याला बाहेर येऊन हात जोडावे लागले. तेव्हा ताई म्हणाली होती, “वसू, पुरे आता.” मला वाटलं होतं, हिला माझा अभिमान वाटत असणार. मला तर वाटतच होता.

मृणाल नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिथे तिने लग्न ठरवलं. मुलगा नागपूरचा, सालस. दोघांचं पक्कं होतं, फक्त घरच्यांनी एकमेकांना भेटायचं बाकी होतं. मुलाचे आईवडील त्याच हिवाळ्यात काशी-गयेला येणार होते. त्याच्या आईचे – निर्मलाबाईंचे – गुडघे दुखायचे. फोनवर त्या म्हणाल्या, “राजगीरच्या बाजूला गरम पाण्याचं कुंड आहे म्हणतात. यांचं गयेचं कार्य होईस्तोवर मी तिथे राहते. तुम्हीही या ना, निवांत बोलू.” मी म्हटलं, येते. आणि ताईलाही म्हटलं, चल. गरम पाण्याने तिच्या पाठीलाही बरं वाटेल, आणि जिने मुलीला वाढवलं तिने व्याह्यांना बघायला नको?

जागा सुरेख होती. कुणा जमीनदाराने स्नानासाठी म्हणून बांधलेली जुनी कोठी, आता हॉटेल केलेली. हॉटेल म्हणायचं आपलं. खोलीत बाजा, कोनाड्यात कंदील, वीज आली तर आली. भिंती इतक्या जाड की मोबाइल हातात घेऊन अंगणात यावं लागे. स्वयंपाक चुलीवर, सातू भरलेली लिट्टी आणि वांग्याचा चोखा, म्हणजे आपलं भरीत. कोठीच्या मागे उतरत्या पायऱ्या आणि खाली दगडी कुंड. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, मध्ये भिंत. भिंतीतल्या दगडी तोंडांतून पाण्याच्या धारा पडायच्या आणि थंडीत त्यावर इतकी वाफ धरायची, की पलीकडचं माणूस आधी आवाजानेच कळायचं. वर ओसरीत वेताच्या खुर्च्या. तिथे बसून चहा प्यायचा आणि खाली कुंड बघायचं.

मी उगाच लांबण लावते आहे, तुमच्याही ध्यानात आलं असेल. बरं, सांगते.

निर्मलाबाई दुपारी पोचल्या. ताई तेव्हा कुंडात उतरली होती. आम्ही ओसरीत बसलो. बाई बोलायला मोकळ्या, हसऱ्या; मुलाबद्दल बोलताना डोळे भरून यायचे त्यांचे. मला आवडल्या. उन्हाने वाफ विरली होती आणि खाली ताई स्वच्छ दिसत होती. ओलं पातळ, उघडे दंड, मान, पाठ – सगळे डाग दिसत होते. निर्मलाबाईंनी खाली पाहिलं आणि साधेपणाने विचारलं, “त्या तुमच्याबरोबर आल्यात का? त्यांनाही चहाला बोलवा ना.”

त्यांच्या आवाजात किळस नव्हती. नाक मुरडलं नव्हतं. चहाला बोलवा म्हणत होत्या हो! आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली – बहीण म्हटलं की रक्त आलं. रक्त आलं की मृणाल आली. उद्या हिच्या अंगावर उठलं तर? नातवंडांना झालं तर? हे सगळं त्या विचारतील, आणि मग – मग काय झालं असतं? काही झालं नसतं. मुलांचं ठरलेलं होतं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

मी म्हटलं, “त्या ना? आमच्याकडे स्वयंपाकाला असतात. फार वर्षांपासून आहेत, घरच्यासारख्याच.”

खणखणीत आवाजात म्हटलं. वर्गात सनावळ्या सांगते तसं.

ताई पातळ बदलून, केस पुसत वर आली. निर्मलाबाईंनी स्वतः कप पुढे केला आणि म्हणाल्या, “या मावशी, चहा घ्या. थंडी वाजत असेल. वसुधाताई सांगत होत्या, सगळा स्वयंपाक तुम्हीच सांभाळता म्हणे.”

मावशी. आपल्याकडे स्वयंपाकाच्या बाईंनाही मावशीच म्हणतात. ताईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. मी कपाकडे बघत होते. मला अजूनही बोलता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, अहो चुकून बोलले, माझी बहीण ही. एवढंच तर होतं. ताई थांबली होती, त्यासाठीच थांबली होती असं मला वाटतं. मग ती म्हणाली, “नको, बाई. आधी तुमचं होऊ दे.”

माझा ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिने उचलला, पिळला आणि उन्हात टाकायला घेऊन गेली.

तिथून निघेपर्यंत ताई माझी स्वयंपाकीण होती. ती आमच्याबरोबर जेवायला बसली नाही, चुलीपाशी तिथल्या बायकांबरोबर जेवली. निर्मलाबाई गप्पा मारायला खोलीत आल्या तेव्हा ती बाजेवरून उठून खाली सतरंजीवर बसली. मला ‘बाई’ म्हणायची, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. तिने ते काम मन लावून केलं, आणि मी ते तिला करू दिलं. एकदा तर – हेही सांगायलाच हवं – निर्मलाबाईंसमोर मी तिला म्हटलं, “मावशी, जरा पाणी आणता?” कुणी मागितलं नव्हतं. मला तहान नव्हती.

गाडीत बसल्यावर मी वाट बघत होते, आता बोलेल. गंगेवरचा पूल येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “चांगली माणसं आहेत. मृणाल सुखी होईल.” आणि घरी पोचल्यावर कुकर लावायला गेली.

लग्न नागपूरला झालं. ताई आली नाही. पाय सुजलेत, प्रवास झेपणार नाही, असं तिने मृणालला फोनवर सांगितलं. पाय सुजले नव्हते. मी तिला ये म्हटलं नाही आणि येऊ नकोस असंही म्हटलं नाही, मी फक्त एकच तिकीट काढलं. मांडवात मृणाल माझ्या गळ्यात पडून रडली, ती माझ्यासाठी रडत नव्हती. “मावशीला एक दिवस नसतं का जमलं?” एवढंच म्हणत होती. मी तिची पाठ थोपटली.

तुम्हाला वाटेल, एवढ्यावर संपलं. खोटं असं संपतं का?

लग्नानंतर काही महिन्यांनी मृणाल सासरी मावशीची आठवण काढून हिरमुसली होती. निर्मलाबाई समजुतीने म्हणाल्या, “अगं, स्वयंपाकाच्या मावशी लग्नाला आल्या नाहीत, त्याचं इतकं काय मनाला लावून घेतेस?” मृणाल भडकली. माझी मुलगी आहे ती. म्हणाली, माझ्या मावशीला स्वयंपाकीण म्हणता? डाग आहेत म्हणून? निर्मलाबाई म्हणाल्या, तुझ्या आईनेच सांगितलं. मृणालने तिथल्या तिथे मला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आई, तू असं म्हणालीस?”

आणि मी म्हटलं, “मी कशाला असं म्हणेन? त्यांच्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला असेल.”

मग तिने फोन ताईला द्यायला सांगितला. ताई माझ्या समोरच बसून भाजी निवडत होती, सगळं ऐकत होती. फोन कानाला लावून म्हणाली, “हो गं, गैरसमज झाला असेल त्यांचा. मी काम करत होते ना तिथे, त्यांना वाटलं असेल. सोडून दे.”

मृणालने सोडलं नाही. त्या घरात पुढची कितीतरी वर्षं सासूसुनेत धड बोलणं नव्हतं. मृणाल मला फोनवर सांगायची, कशा दुटप्पी आहेत, कशा वरून गोड आहेत. मी ऐकायची. “जाऊ दे, वयस्कर आहेत,” म्हणायची. शिवाय मोठेपणाही घ्यायची. ज्या बाईने माझ्या बहिणीला स्वतःच्या हाताने चहाचा कप दिला, ती माझ्या मुलीच्या घरात खोटारडी ठरली. आणि तिने एकदाही मला फोन करून विचारलं नाही, की तुम्ही असं का केलंत.

नातू झाल्यावर ते सगळे काशीला आले. निर्मलाबाईही. आमच्या घरी आल्या, चपला काढल्या, आणि सरळ आत स्वयंपाकघरात गेल्या. ताई कणीक मळत होती. निर्मलाबाई, ते दुखरे गुडघे घेऊन, खाली वाकल्या आणि त्यांनी ताईचे पाय धरले. म्हणाल्या, “ताई, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी तुम्हाला भलतंच समजले. मला माफ करा.”

मृणाल दारात उभी होती. तिच्या घराला शांतता हवी म्हणून ही बाई, जिची काही चूक नव्हती, जिने एकही शब्द चुकीचा ऐकला नव्हता, ती माझ्या स्वयंपाकघरात वाकली होती. ताईने पिठाच्या हातांनी तिला उठवलं. “अहो, असं काय करता? चुकतं माणसाचं,” म्हणाली. दोघीही एकमेकींकडे बघत होत्या. त्या दोघींना सगळं माहीत होतं. दोघींपैकी एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तिथेच होते. हातात पाण्याचे पेले होते, पाहुण्यांसाठी. बोलायला याहून चांगली वेळ कुठली मिळाली असती? मुलगी समोर, विहीण समोर, ताई समोर. मला भर गल्लीत बोलता येतं, भर सभेत बोलता येतं. मी पेले पुढे केले.

नंतर मृणालने मला मिठी मारली. म्हणाली, “आई, तू इतकी वर्षं त्यांना एका शब्दाने बोलली नाहीस. किती मोठं मन आहे तुझं.”

मी म्हटलं, “जाऊ दे गं.”

ताई मागच्या हिवाळ्यात गेली. झोपेतच. मणिकर्णिकेवर नेलं, मृणालच्या नवऱ्याने अग्नी दिला. निर्मलाबाई नागपूरहून आल्या होत्या. घाटाच्या वरच्या पायरीवर आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो, पार सगळं होईपर्यंत. परतताना त्यांनी चढावर माझा हात धरला, कारण माझा पाय घसरत होता.

सुमन माझी सख्खी बहीण होती. माझ्या मुलीला तिने वाढवलं. मला विचारलं होतं की ही कोण, आणि मला उत्तर माहीत होतं.