आबांचं मोहळ

दादानं कागलहून धाडलेली काकवीची बाटली उघडली आणि गुऱ्हाळातल्या चुलवाणाच्या धुराचा वास थेट माझ्या टेबलावर आला. समोर कॉम्प्युटरवर एक तारकागुच्छ होता. त्यातला कुठला तारा कमीजास्त उजळतो, कुठला गुच्छ सोडून निघालाय, हे शोधण्यात माझी वर्षं गेली.

आबा, माझे वडील, आमच्या गुऱ्हाळातले गुळव्या; रसाचा गूळ कधी झाला ते त्यांनीच ओळखायचं. मी शाळेत असताना एकदा दिवेलागणीला रसाची काहील उतरवून ते घाम पुसत बाहेर आले. मी ऊस चघळत बसलेले. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका नुकताच वर आला होता.

"ते बघ मोहळ," आबा म्हणाले. कृत्तिका हे नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही.

मी मोजलं. "सहाच माश्या हायत की!"

"आमच्या आज्ज्याला सात दिसायच्या. मोहळातली माशी जाग्यावर ऱ्हाती व्हय? एकेक उडून जातीया."

मी खो खो हसले. "तारं कुठं उडत्यात व्हय आबा! बाईंनी सांगितलंय, ते जाग्यावरच असत्यात."

आबा ओशाळले. काकवीनं चिकट झालेले हात धोतराला पुसत आत गेले.

तारे उडतात. एकमेकांच्या ओढीनं फिरता फिरता एखादा गुच्छाबाहेर फेकला जातो, परत येत नाही. हेच मी आता वर्गात शिकवते, फळ्यावर गणितं मांडून. तुमचं बरोबर होतं, एवढं आबांना सांगायचं मात्र राहिलं. आमच्या मोहळातनं पहिले तेच उडाले.